सगळी घरचीच माणसं

त्या लॉन्ड्रीत कामाला कुणी नव्हतंच. निदान मालक तसं सांगायचे, आणि सांगताना त्यांचा हात आपोआप छातीवर जायचा.

"आपल्याकडे नोकर नाही हो कुणी. सगळी घरचीच माणसं."

हे वाक्य ते नव्या गिऱ्हाइकाला ऐकवायचे, जुन्या गिऱ्हाइकाला ऐकवायचे, आणि पगारवाढ मागायला आलेल्या माणसाला तर खास समोर बसवून ऐकवायचे. तो माणूस बाहेर यायचा तेव्हा त्याच्या हातात वाढीव काही नसायचं. मागितल्याची लाज वाटायची त्याला. घरात कुणी पगारवाढ मागतं का?

पाठीमागे त्यांना सगळे 'कुटुंबप्रमुख' म्हणत. तोंडावर 'दादा' म्हणावं लागे, 'साहेब' म्हटलं तर त्यांच्या मनाला लागायचं. ते मात्र सगळ्यांना अरेतुरे करत, कारण त्यात आपलेपणा असतो. उलट दिशेनं जाताना त्याच आपलेपणाला 'अहो' लागायचं.

माणूस वाईट नव्हता. वाईट माणसाचं एक बरं असतं, त्याच्याशी भांडता येतं. यांच्याशी भांडायला जावं तर हे दुखावले जायचे. पगार उशिरा झाला आणि कुणी विचारलं, तर त्यांचे डोळे पाणावायचे. "तुला माझ्यावर भरवसा नाही?" मग विचारणाऱ्यानंच त्यांची समजूत काढायची, आणि पगार आणखी थोडा पुढे जायचा.

लॉन्ड्री तळमजल्यावर आणि घर वरच्या मजल्यावर. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी गोण्यांमधून यायच्या. आत पाऊल टाकलं की आधी वाफ अंगावर यायची, मग साबणाचा वास, आणि त्यानंतर कुठे माणसं दिसायची. खिडकीशी डागकाका, ब्रश आणि बाटल्या घेऊन डागांवर वाकलेले. टेबलापाशी घडीवाल्या दोघी, एक ताडमाड उंच आणि एक तिच्या खांद्याच्याही खाली. दोघींनी चादरीची टोकं धरली की चादर उतारावर वाळत घातल्यासारखी दिसायची. गोण्या आणणारा-पोचवणारा व्हॅनवाला. दाराजवळ हिशोबाच्या टेबलामागे वहिनी, म्हणजे मालकीणबाई. आणि रोलरवर मावशी.

रोलर म्हणजे पलंगाएवढा रुंद, तापलेला लोखंडी दंडगोल. एका बाजूनं ओली चादर सारायची, दुसऱ्या बाजूनं कडक, कोरडी बाहेर पडायची. त्याच्या तोंडाशी एक आडवी पट्टी होती. हात जरा जास्त पुढे गेला आणि पट्टीला लागला की मशीन जागच्या जागी थांबायचं. पण चादरीची जाड शिवण लागली तरीही ते थांबायचं, आणि थांबलेलं मशीन बघितलं की कुटुंबप्रमुख खुर्चीतून उठून यायचे. एक दिवस त्यांनी फाटक्या अभ्र्याची चिंधी काढली आणि पट्टी वर उचलून घट्ट बांधून टाकली.

"फार लाजाळू मशीन आहे," ते म्हणाले. "शिवलं की मिटतंय."

सगळे हसले. मावशीही हसली. पहिलं मशीन आलं तेव्हापासून ती इथे होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लांब दिलेली आणि तिचंच तिला पुरेनासं झालेलं. भाड्याची एक खोली आणि हा रोलर, असा मावशीचा संसार होता.

अशा या सुखी कुटुंबात एका सकाळी विमावाला आला. बॅग मांडीवर घेऊन तो खुर्चीच्या काठावर टेकला.

"दादा, उद्या कुणाचा हात भाजला, पाय घसरला, तर त्याचं औषधपाणी, बुडालेला पगार, तो कोर्टात गेला तर तो खर्च, सगळं मालकाच्या अंगावर येतं. ते तुमच्या अंगावर येऊ नये म्हणून हा विमा. आणि कायद्यानं तो काढावाच लागतो."

"कोर्टात? माझी माणसं? माझ्यावर?"

"माणसाचं काय सांगता येतं?"

"मला सांगता येतं. स्वयंपाक करताना आईचा हात भाजला, तर आई मुलावर खटला भरते का?"

"आई पगारावर नसते, दादा."

"इथे तरी कोण पगारासाठी येतंय!"

व्हॅनवाल्याला नेमका तेव्हा खोकला आला, आणि बराच वेळ थांबेना.

विमावाल्यानं तासभर डोकं फोडलं. शेवटी बॅगेची चेन ओढत तो फणकाऱ्यानं म्हणाला, "मग प्रश्नच मिटला! खरंच सगळी घरची असतील तर विमा लागतच नाही. जवळच्या नातेवाइकांना सूट आहे. सख्खी हवीत मात्र."

त्यानं मारला होता टोमणा. पण टोमणा आत शिरायला माणूस थोडा तरी रिकामा असावा लागतो, आणि कुटुंबप्रमुख स्वतःच्या चांगुलपणानं काठोकाठ भरलेले होते. विमावाला गेल्यावर ते कितीतरी वेळ रोलरकडे बघत बसले. मग स्वतःशीच म्हणाले, "सख्खी. एवढंच ना?"

कामगारांचे विमे आहेत का, याची सरकारी तपासणी होणार असं कळलं, त्या दिवशी त्यांनी भर कामाच्या वेळी सगळी मशिनं बंद केली. लाइट गेल्याशिवाय असं कधी झालं नव्हतं, त्यामुळे कुणीतरी वारलं असं समजून घडीवाली बुटकी रडायच्या बेतात आली.

"आता नीट ऐका. डागकाका, तू माझा बाप."

"मी?" डागकाका त्यांच्याहून एका वर्षानं धाकटे होते.

"तुला टक्कल आहे. पुरे झालं. व्हॅनवाल्या, तू मेव्हणा. या दोघी माझ्या मुली."

"म्हणजे मी यांची आई?" वहिनींनी हिशोबातून मान वर केली. "आणि मला कुणी काही विचारलंच नाही?"

"तू आहेसच की घरची. तुला काय विचारायचं? मावशी, तू माझी सख्खी बहीण."

"धाकटी का थोरली?"

"थोरली."

"मग मला तुम्हाला अरेतुरे करायला लागेल."

कुटुंबप्रमुखांना हे अवघड गेलं. त्यांनी क्षणभर विचार केला. "तपासणीपुरतं," ते म्हणाले.

तालमी झाल्या. उंच घडीवालीला 'पप्पा' म्हणताना हसू फुटायचं, तेव्हा तिला 'अहो पप्पा' म्हणून बघायला सांगितलं. त्यानं दोघीही फुटल्या. डागकाका मात्र भूमिकेत शिरले. मुलावर खेकसल्याशिवाय बाप वाटत नाही, असं म्हणून त्यांनी दोनदा खेकसून घेतलं, आणि तिसऱ्यांदा खेकसले तेव्हा तालीम संपलेली होती.

खरं म्हणजे कुणाला हे मनापासून पटलं नव्हतं. पण विम्याचा हप्ता भरावा लागला तर तो कुणाच्या पगारातून निघेल, हे न सांगता सगळ्यांना कळत होतं.

तपासणीवाल्या बाई आल्या. वयानं लहान, पण नजर अशी की चादरीनंही घडी न मोडता बसावं.

"हे कोण?"

"वडील माझे."

बाईंनी डागकाकांकडे पाहिलं, कुटुंबप्रमुखांकडे पाहिलं, पुन्हा डागकाकांकडे पाहिलं. "वय काय तुमचं, बाबा?"

ही ओळ कुणी शिकवली नव्हती. "याच्याएवढंच," डागकाका बोलून गेले. मग सावरून म्हणाले, "म्हणजे दिसतं तेवढंच. काम माणसाला तरुण ठेवतं."

"आणि या दोघी?"

"मुली."

"पाठोपाठच्या?"

"हो," उंच म्हणाली. "जुळ्या," बुटकी म्हणाली.

"व्हॅन चालवणारे?"

"माझा भाऊ आहे म्हणे," वहिनी म्हणाल्या.

"म्हणे?"

"म्हणजे आहेच."

बाई रोलरपाशी थांबल्या. "तुम्ही यांच्या सख्ख्या बहीण?"

मावशीनं ओल्या चादरीचं टोक हातातून सोडलं नाही. "असं तो म्हणतो," ती म्हणाली, आणि हळूच मान हलवली.

बाईंनी पेन हातात धरून ठेवलं. "हे बघा, खरं काय ते आत्ता सांगा. विमा काढायला मुदत देते. एकदा लिहून दिलंत की ही माणसं तुमचे कामगार नाहीत, नातेवाईक. उद्या काही झालं तर..."

"उद्या काही झालं तर मी आहे ना!" कुटुंबप्रमुखांचा हात छातीवर गेला. तिथून तो खाली आला आणि त्यानं झोकात सही केली.

त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. अर्धा अर्धा.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एका मोठ्या हॉटेलाचं काम आलं. गोण्यांवर गोण्या, आणि रोलर सकाळपासून थंडच झाला नव्हता. एका चादरीला आत जाता जाता चुणी पडली. मावशीनं ती सरळ करायला हात पुढे केला, हजारदा केला असेल तसाच. या वेळी चादरीबरोबर हातही गेला. पट्टी वर होती, चिंधीनं व्यवस्थित बांधलेली. उंच घडीवालीनं धावत जाऊन बटण दाबलं. मग बराच वेळ नुसत्या वाफेचाच आवाज येत होता.

व्हॅनमधून तिला दवाखान्यात नेलं. कुटुंबप्रमुखही बसले सोबत. रडतही होते, आणि ते रडणं खोटं नव्हतं. पण खिडकीतल्या कारकुनानं पहिला प्रश्न विचारला आणि त्यांचे डोळे कोरडे झाले.

"कुठे झालं हे?"

"घरी."

"हा रोलरचा भाजलेला हात आहे. घरी रोलर आहे?"

"मोठं घर आहे आमचं."

"तुम्ही कोण यांचे?"

"भाऊ. सख्खा."

"इथे सही करा. खर्चाला जबाबदार नातेवाईक म्हणून."

पेन हवेत थांबलं. "कामावर झालं असतं तर कुणाची सही लागते?"

"मालकाची. बोलावू का मालकांना?"

कुटुंबप्रमुखांनी मागे वळून पाहिलं, जणू मालक मागे उभेच आहेत. मग त्यांनी सही केली, भाऊ म्हणून.

हात वाचला, पण दोन बोटं वाकेनाशी झाली. रोज व्यायाम, मलमपट्टी, अधूनमधून तपासणी, आणि हे कितीतरी महिने. त्यानंतरही हात कामाचा होईल की नाही, याची डॉक्टरांनी हमी दिली नाही. कुटुंबप्रमुख तिच्या खोलीवर भेटायला आले. रोलरवर तोवर नवी बाई आली होती.

"आराम कर. कसली म्हणून काळजी करायची नाही."

"आणि पगार, दादा?"

त्यांच्या चेहऱ्यावर ते जुनं दुखावलेपण पसरलं. "मावशी, आजारी माणसानं पगाराचा विचार करायचा नसतो. त्यानं बरं व्हायला वेळ लागतो."

ते जिना उतरून गेले. मावशी दाराकडे बघत राहिली. घरमालक वरच्याच मजल्यावर राहायचा आणि भाडं नेमानं मागणं हीच त्याची एकुलती एक करमणूक होती. भाडं नाही तर खोली नाही. खोली नाही तर रोजच्या व्यायामाला कुठून जायचं? आणि व्यायाम नाही तर हात नाही. डाव्या हातानं कपाळ दाबून तिनं हे सगळं पुन्हा पुन्हा उलटंसुलटं केलं. काही केल्या घडी बसेना.

ती डागकाकांना घेऊन तपासणीवाल्या बाईंच्या कार्यालयात गेली.

"मला त्या दिवशीच दिसत होतं सगळं," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही मान हलवलीत."

"हलवली. आता खरं सांगितलं तर?"

"चौकशी लागेल. तोवर लॉन्ड्री बंदही राहू शकते. तुमचं तुम्हाला मिळेल, पण फाइल फाइलीच्या चालीनं चालते."

"आणि तो स्वतः येऊन बोलला तर?"

"तर सोपं आहे. त्यांचा दंड कमी होईल, तुमचा पगार आणि औषध लगेच सुरू होईल." बाई थांबल्या. "पण ते कशाला येतील?"

लॉन्ड्रीच्या मागच्या दाराशी चहाच्या वेळेला सगळे जमले. उंच घडीवाली जमिनीकडे बघत म्हणाली, "मावशी, तुझा हात बघवत नाही गं. पण बंद पडलं तर आमच्याही घरी..."

"मी कुणाच्या तोंडचा घास काढणार नाही."

"मग काय करणार?"

मावशीनं वरच्या मजल्याच्या जिन्याकडे बघितलं. मग म्हणाली, "त्यानं मला चारचौघांत बहीण केलीय. सही करून केलीय. आता मी बहीण होते."

"म्हणजे?"

"म्हणजे माहेरी जाते."

त्याच संध्याकाळी ती बॅग खांद्याला लावून लॉन्ड्रीवरच्या घराचा जिना चढली. दार वहिनींनी उघडलं. कुटुंबप्रमुख ताटावर बसलेले, घास अर्ध्या वाटेवर.

"उठू नको, उठू नको. जेव तू," मावशी चपला काढत म्हणाली. "अरे, मी काय परकी आहे?"

"अरे?" कुटुंबप्रमुख म्हणाले.

"मग काय म्हणू? थोरली ना मी? वहिनी, बॅग कुठे ठेवू गं?"

वहिनींनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या बांधलेल्या हाताकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. त्यांना सगळं समजलं, आणि राग आला तो आधी मावशीचाच. आणखी एका माणसाचं करणं त्यांच्याच गळ्यात पडणार होतं. दोन दिवस त्या धुसफुसत राहिल्या, भांडी आपटत राहिल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मावशी एका हातानं केस सोडवायचा प्रयत्न करत होती, ते बघून त्या थांबल्या. काहीतरी सुचल्यासारखं झालं त्यांना.

"अहो," त्यांनी हाक मारली. "वन्संची वेणी राहिलीय."

"मग घाल की."

"मी तुमचे हिशोब लिहितेय. आणि बहीण तुमची आहे."

त्या सकाळी घडीवाल्या दोघींनी वरून आवाज ऐकले. "अरे हळू! केस आहेत, चादर नाही." "किती गुंता हा!" "मधे भांग पाड. मधे! तुझं मधे हे असतं?" खाली दोघींनी तोंडात अभ्रे कोंबून घेतले. हॉटेलाला ते परत धुवून द्यावे लागले.

बहीण म्हटली की बहिणीची तऱ्हा आली. मावशीनं भावाच्या ताटात डोकावलं, मीठ जास्त खातोस म्हणाली. पाहुण्यांसमोर त्याला "अरे, शर्ट आत खोच" म्हणाली. गिऱ्हाइकाशी तो फोनवर गोड बोलत होता तर शेजारून म्हणाली, "लहानपणापासून असाच लाघवी आहे हो." तिनं त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याला मिश्या होत्या.

सुट्टीच्या दिवशी बेल वाजली. दारात डागकाका, बगलेत वर्तमानपत्र.

"तू कशाला आलास?" कुटुंबप्रमुख म्हणाले.

"बापाला असं विचारतात?" डागकाका आत आले आणि खिडकीजवळच्या चांगल्या खुर्चीत बसले. "सूनबाई, चहा टाक. साखर कमी."

पाठोपाठ व्हॅनवाला आला. "दाजी, व्हॅन जरा दोन दिवस घेऊन जातो. घरचीच आहे ना?" मग दोन्ही लेकी आल्या आणि सोफ्यावर तंगड्या वर घेऊन बसल्या. "पप्पा, भूक लागली." कुटुंबप्रमुख स्वतःच्या घरात उभे राहिले, कारण बसायला जागाच उरली नव्हती. एवढं कुटुंब त्यांनी एकत्र बघितलं ते पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विमावाल्याला फोन लावला.

"तो विमा काढू या. फक्त तारीख जरा मागची टाक."

"दादा, घर पेटल्यावर आगीचा विमा निघत नाही."

"पण तूच म्हणाला होतास, घरच्यांना लागत नाही!"

"मी चिडून म्हणालो होतो."

"मग तसं सांगायचं ना! मला वाटलं सवलत आहे."

शेवटी त्यांनी आपल्या परीनं तोडगा काढला. सगळ्यांना खाली मशिनांमध्ये उभं केलं, मावशीला खुर्ची दिली, आणि एक जाड पाकीट काढून भाषण केलं. आपण एक आहोत, सुखदुःखात एक आहोत, वगैरे. बोलता बोलता त्यांचा हात छातीवर गेला.

"हे मी प्रेमानं देतोय, मावशी. आता मनात काही ठेवू नकोस. आपल्या खोलीत जा, सुखानं राहा."

मावशीनं पाकीट डाव्या हातानं उचललं, वजन केल्यासारखं जरा धरलं, आणि परत त्यांच्या टेबलावर ठेवलं.

"प्रेमानं नको रे."

"म्हणजे?"

"हे किती दिवस पुरेल? पुढे तुझं प्रेम आटलं तर मी कुठे जाऊन सांगू, की याचं प्रेम थकलंय? माझा हात प्रेमात गेला नाही. तिथे गेला." तिनं रोलरकडे मान वळवली. "तू वर बांधलेल्या पट्टीखाली. कामावर गेला, तर कामाचं दे. हात बरा होईपर्यंतचा पगार, औषध, आणि जी बोटं वाकणार नाहीत त्यांचं काय ते. आणि तिथे जाऊन सांग, की मी तुझी कामगार आहे."

कुटुंबप्रमुखांनी टेबलावरच्या पाकिटाकडे बघितलं. "एवढं घरच्यासारखं वागवलं..."

"घरच्यासारखंच वागवलंत," हिशोबाच्या टेबलामागून आवाज आला. वहिनी उभ्या राहिल्या होत्या. "मला विचारा ना. वर स्वयंपाक मी करते, खाली हिशोब मी लिहिते, पगाराची पाकिटं मी भरते. सगळ्यांची नावं घालते त्यांवर. माझ्या नावाचं पाकीट आजवर भरलं नाही. घरचं माणूस किती स्वस्त पडतं ते तुम्हाला माझ्यावरनं कळलं, अहो. मग तुम्ही सगळ्यांनाच घरचं केलंत."

 डागकाकांना बाप म्हणून काहीतरी बोलावंसं वाटलं असावं, पण त्यांनी ते गिळलं.

कुटुंबप्रमुखांना लाज वाटली आणि ते तडक तपासणीवाल्या बाईंकडे गेले, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. ते रुसून वर निघून गेले आणि दार लावून घेतलं. त्यांना हलवलं ते दवाखान्याच्या चिठ्ठीनं. व्यायामाचे पैसे थकले होते, आणि चिठ्ठी आली होती जबाबदार नातेवाइकाच्या नावानं. वहिनींनी ती त्यांच्यापुढे ठेवली, शेजारी एक कोरा कागद ठेवला आणि नेहमीच्या सरळ ओळीत लिहायला लागल्या.

"कामगार म्हणून धरली, तर हात बरा होईपर्यंतचा पगार, औषध, आणि बोटांचं एकदा द्यायचं. संपलं. बहीण म्हणून धरली, तर जेवण, राहणं, औषध, डोळ्यांचे चष्मे, गुडघे, म्हातारपण. वन्संच्या घराण्यात किती जगतात हो?"

"नव्वदीपर्यंत!" आतून मावशी ओरडली. "आमची आई तर पुढेही गेली!"

कुटुंबप्रमुखांनी कागद दोनदा वाचला. जी गोष्ट विमावाल्याच्या तासाभराच्या बडबडीनं कळली नव्हती, दवाखान्यात कळली नव्हती आणि बायकोच्या बोलण्यानं नुसतीच टोचली होती, ती त्यांच्या डोक्यात लख्ख उजाडली. नोकर परवडतो. बहीण परवडत नाही.

सकाळी कार्यालय उघडताच ते हजर होते. मावशी आणि वहिनी मागे बाकावर.

"मला जरा दुरुस्ती करायचीय," ते म्हणाले.

"बोला."

"ही माझी बहीण नाही."

"मग कोण?"

"आमच्याकडे असते."

"असते म्हणजे?"

"म्हणजे येते. सकाळी येते, संध्याकाळी जाते. वर्षानुवर्षं."

"काय करते?"

"रोलरवर असायची."

"त्याला काय म्हणतात?" बाईंनी पेन खाली ठेवलं आणि हाताची घडी घातली. त्यांना घाई नव्हती.

आयुष्यात न उच्चारलेला शब्द तोंडातून काढायला माणसाला किती कष्ट पडतात, ते त्या कार्यालयात सगळ्यांना दिसलं. त्यांनी घाम पुसला. मागे बघितलं. मावशीनं त्यांना धीर द्यावा तशी मान हलवली.

"कामगार," ते म्हणाले.

"आणि बाकीचे?"

"तेही."

"वडीलसुद्धा?"

"वडीलसुद्धा."

बाईंनी दंड लिहिला. मावशीचं काय काय द्यायचं ते लिहिलं, आणि ते सगळं यांच्याच खिशातून, कारण विमा नव्हता. "विमा असता तर हे विमा कंपनीनं भरलं असतं. तुम्हाला नुसता हप्ता पडला असता." आणि त्यांनी सहज हप्त्याचा आकडाही सांगितला. हिशोबात पक्का माणूस तो. आकडा ऐकून कुटुंबप्रमुख असे गप्प झाले की परतीच्या वाटेवर व्हॅनवाल्यानं दोनदा आरशात बघून घेतलं, आहेत ना म्हणून.

मावशी आपल्या खोलीवर गेली. बोटं अजून पुरती वाकत नाहीत आणि वाकतील असं कुणी म्हणतही नाही. पण पगार ज्या दिवशी व्हायचा त्या दिवशी होतो, कारण न झाल्यास कुठे जायचं ते तिला माहीत आहे. ती कुटुंबप्रमुखांना पुन्हा 'अहो दादा' म्हणते. अधूनमधून जीभ घसरते. ती मुद्दाम घसरते, असं डागकाकांचं मत आहे.

दंडाची पावती आली त्याच आठवड्यात विमावाल्याला बोलावलं. त्यानं आल्या आल्या आधी चिंधी सोडायला लावली, मग कागद काढले.

"किती कामगार?"

कुटुंबप्रमुखांनी बोटांवर मोजलं. डागकाका, व्हॅनवाला, घडीवाल्या दोघी, रोलरवरची नवी, मावशी. "सहा."

"सात," वहिनी म्हणाल्या.

"सातवं कोण?"

वहिनींनी हिशोबाची वही मिटली, पेनाला टोपण लावलं, आणि टेबलाला वळसा घालून त्या समोरच्या खुर्चीत येऊन बसल्या, जिथे पगारवाढ मागायला आलेल्यांना बसवत.

"आधी पगार ठरवू," त्या म्हणाल्या. "मग नाव सांगते."